टँक पुढे उभा असूनही मागचा संघ का कोसळतो? पीव्हीपीमधील (खेळाडूविरुद्ध खेळाडू लढतींतील) नेहमीच्या अडचणीचे निवारण

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गटात एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. आमचा गट म्हणजे बेळगावातील वडगावचे दोघे, खानापूरचा माझा मावसभाऊ, निपाणीचा एक जण आणि मी. रात्री जेवणे उरकल्यावर आम्ही संगणकावर डोटा २ हा सांघिक लढाईचा खेळ खेळायला बसतो आणि शनिवार-रविवारी ओव्हरवॉच २. टँकची, म्हणजे संघाच्या पुढे राहणाऱ्या दणकट पात्राची, जबाबदारी बहुतेक वेळा मावसभावाकडे असते. सामना हरला की तो दोनपैकी एक वाक्य ठरलेले बोलत असे. एक तर, "दादा, मी आत गेलो आणि लगेच मेलो, मागनं कुणी आलंच नाही," किंवा, "दादा, मी पुढंच होतो की, मला कुणी मारलंच नाही, तोवर मागचे सगळे गेले." वरवर पाहता ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध आहेत, कारण एकात टँक सर्वांत आधी मरतो आणि दुसऱ्यात सर्वांत शेवटी. परंतु आम्ही रिप्ले (सामन्याचे पुनर्दर्शन) लावून एकेक मरण तपासले, तेव्हा दोन्हींच्या मुळाशी एकच चूक असल्याचे लक्षात आले. हीच अडचण इतरांनाही सारखी येत असल्याचे पाहून, आम्ही ती कशी शोधली आणि कशी दूर केली हे येथे सविस्तर मांडत आहे.

मूळ कोठे आहे

बहुतेक खेळाडू टँकचे काम संगणकाने चालवलेल्या शत्रूंविरुद्ध शिकतात. २००४ मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या खेळात प्रत्येक राक्षसाच्या मागे एक हिशेब चालू असतो. कोणी किती मारले, कोणी कोणाला किती बरे केले, यावरून त्याचा राग कोणावर किती आहे हे ठरते, आणि टँकचे सर्व कौशल्य तो राग स्वतःवर ओढून ठेवण्यात असते. तेथे टँकने टाँट (शत्रूला स्वतःकडे वळवणारे कौशल्य) मारला की राक्षसाला वळावेच लागते. समोर माणसे असली की हा हिशेब संपतो. समोरच्या खेळाडूला डोळे असतात, अनुभव असतो आणि ज्याला मारायला सर्वांत कमी वेळ लागतो त्यालाच आधी मारायचे, एवढी समज तर नक्कीच असते. जाड कातडीच्या टँकवर दहा सेकंद घालवण्यापेक्षा मागच्या हीलरवर (साथीदारांना बरे करणाऱ्यावर) तीन सेकंद घालवणे त्याला परवडते. म्हणून टँक केवळ पुढे उभा आहे एवढ्यावरून त्याला कोणी मारावे, अशी अपेक्षाच चुकीची ठरते.

काही खेळांत माणसालाही वळवणारी कौशल्ये आहेत. डोटा २ मधील अ‍ॅक्सचे बर्सर्कर्स कॉल आणि लीग ऑफ लेजंड्समधील रॅमसचा टाँट यांमुळे प्रतिस्पर्ध्याला काही क्षण टँकवरच वार करावे लागतात. परंतु ती मुदत मोजक्या क्षणांची असते आणि त्यानंतर कूलडाऊन (कौशल्य पुन्हा वापरता येईपर्यंतचा काळ) संपेपर्यंत टँक पुन्हा रिकाम्या हाताने उभा असतो. सर्व लढाई त्या मोजक्या क्षणांच्या भरवशावर खेळता येत नाही.

मग पीव्हीपीमध्ये टँक संघाला नेमके काय देतो? माझ्या मते तो दोन गोष्टी देतो, जागा आणि वेळ. प्रतिस्पर्धी ज्या भागात पाऊल टाकायला कचरतो तो भाग टँकने मिळवलेली जागा होय, आणि मागच्या कॅरीला (संघाच्या मुख्य मारेकऱ्याला) निर्धास्तपणे वार करता यावेत म्हणून जे चार-सहा सेकंद निघतात ते त्याने मिळवलेला वेळ. मार खाणे हा या दोन्हींसाठी मोजावा लागणारा दाम आहे, तो स्वतःच उद्देश नव्हे. मावसभाऊ मार खाण्यालाच उद्देश समजत होता. म्हणून कधी तो मार शोधत एकटाच आत जाई आणि मरे, तर कधी मार येण्याची वाट पाहत पुढे उभा राही आणि प्रतिस्पर्धी त्याला वळसा घालून मागे पोहोचत.

ही गोष्ट त्याला शब्दांनी पटली नाही, कबड्डीने पटली. तो शाळेत असताना डावा कोपरा सांभाळत असे. चढाईपटू आत आला की कोपऱ्यातला खेळाडू त्याच्या अंगावर धावून जात नाही. तो शेजाऱ्याचा हात धरून साखळीतच थोडा मागे-पुढे सरकत राहतो, चढाईपटूला हवी ती जागा नाकारतो आणि त्याचा पाय आत पडून शरीराचा भार त्या पायावर गेला की मगच घोट्याला हात घालतो. साखळी सोडून आधीच झेप घेतली तर गुण तर जातोच, शिवाय मागे खिंडार पडते. "मग ह्यात बी तसंच हाय की," असे तो म्हणाला, आणि तेथून आमची दुरुस्ती सुरू झाली.

पहिले लक्षण: टँक सर्वांत आधी मरतो

येथे सर्वांत आधी अंतर तपासावे. रिप्लेमध्ये आपल्या मरणापूर्वीचे दहा सेकंद लावावेत आणि ज्या क्षणी आपण आत शिरलो त्या क्षणी खेळ थांबवून, आपला सर्वांत जवळचा साथीदार किती दूर होता व त्याचा वार अथवा उपचार आपल्यापर्यंत पोहोचू शकत होता काय, एवढेच पाहावे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर जी मरणे नोंदलेली आहेत, त्यांत बहुतेक ठिकाणी "हीलर वळणाच्या पलीकडे" असा शेरा आहे. ओव्हरवॉचमध्ये ही चूक विशेष महागात पडते, कारण हीलरच्या आणि टँकच्या मध्ये भिंत आली की बहुतेक उपचार पोहोचतच नाहीत. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आल्यापासून सहाऐवजी पाच जणांचा संघ आणि त्यात एकच टँक, अशी मुख्य रचना झाली, त्यामुळे एक टँक कोपऱ्यामागे गेला तर त्याची जागा घेणारा दुसरा टँक नसतो. राइनहार्ट या टँकचे कवच घेऊन चौकाच्या मधोमध उभे राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की सततच्या माऱ्याने ते कवच झिजते आणि खाली घेतल्याशिवाय भरून येत नाही. त्यामुळे एखाद्या दाराच्या चौकटीला किंवा खांबाला धरून उभे राहावे, दोन पावले आडोशाला सरकून कवच भरू द्यावे आणि पुन्हा पुढे यावे, हेच त्याचे खरे तंत्र आहे.

दुसरी तपासणी क्षणाची. आपण आत शिरलो तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या हातात कोणकोणती स्टन (काही क्षण हालचाल थांबवणारी) आणि बंदिस्त करणारी कौशल्ये शिल्लक होती, हे मोजावे. ती सर्व शिल्लक असताना पहिला आत जाणारा माणूस कितीही जाड असला तरी एकामागून एक स्टन खात उभ्याउभ्याच मरतो, आणि त्याच्या सर्व हेल्थचा संघाला काहीही उपयोग होत नाही. आमच्या गटाने यावर एक साधा नियम केला आहे. समोरच्या संघातील सर्वांत त्रासदायक अशी दोनच कौशल्ये सामन्याच्या सुरुवातीला निवडायची, आणि त्यांपैकी किमान एक वापरले गेल्याचे कोणी तरी बोलून सांगितल्याशिवाय टँकने खोल शिरायचे नाही. पाचही खेळाडूंची सर्व कौशल्ये लक्षात ठेवण्याचा प्रयत्न आम्ही करून पाहिला होता, परंतु प्रत्यक्ष धुमश्चक्रीत ते कोणालाच जमले नाही. दोन मात्र जमतात.

डोटा २ मध्ये याच्याशी जोडलेली एक बारीक गोष्ट आहे, आणि तिने आमचे कितीतरी सामने घालवले. अ‍ॅक्ससारखा टँक ब्लिंक डॅगरच्या साहाय्याने खेळातल्या १२०० एकक अंतरापर्यंत एकदम उडी घेतो आणि तेथे कॉल लावतो. परंतु प्रतिस्पर्धी खेळाडूचा फटका बसल्यानंतर ३ सेकंद हा डॅगर चालतच नाही. आता रोशनच्या (नकाशावरच्या मोठ्या राक्षसाच्या) गुहेसमोरचा एक प्रसंग पाहा. आमचा संघ डाव्या बाजूला जमला आहे, समोरचा संघ नदीपलीकडे आहे आणि मावसभाऊ, टँक असल्यामुळे, सर्वांच्या दहा पावले पुढे उजेडात उभा आहे. समोरचा स्नायपर लांबून एक गोळी मारतो, नगण्य हेल्थ जाते आणि डॅगर बंद पडतो. तीन सेकंद संपत येतात तोच दुसरी गोळी येते. मावसभाऊ बटण दाबत राहतो आणि उडी होत नाही. शेवटी वैतागून तो पायीच धावत सुटतो, वाटेत स्टन होतो आणि कॉल न लावताच मरतो. त्या रिप्लेत त्याची हेल्थ पट्टी पाहिली, तर धावत सुटण्याच्या क्षणी ती जवळजवळ भरलेली होती. म्हणजे जाडी कमी पडली नव्हती, उभे राहण्याची जागा चुकली होती. अशा टँकने लढाईपूर्वी समोर तोंड दाखवत उभे राहूच नये. झाडीच्या किंवा चढाच्या आड, प्रतिस्पर्ध्याला न दिसणाऱ्या बाजूला थांबावे, आणि समोरच्यांची नजर आपल्या इतर साथीदारांवर गुंतली की बाजूने उडी घ्यावी. टँकने सर्वांच्या पुढेच राहावे हा समज या एका वस्तूपुरता तरी सोडून द्यावाच लागतो.

दुसरे लक्षण: टँक जिवंत, बाकीचे गारद

हे लक्षण अधिक फसवे असते, कारण सामना संपल्यावरच्या तक्त्यात टँकच्या नावापुढे सर्वांत कमी मरणे दिसतात आणि आपण चांगले खेळलो असे त्याला मनापासून वाटते. येथे विचारायचा प्रश्न असा की, प्रतिस्पर्ध्याने आपल्याकडे दुर्लक्ष केले तर त्याचे काय नुकसान होते? उत्तर "काहीच नाही" असे असेल, तर तो दुर्लक्ष करणारच. म्हणून टँककडे दुर्लक्षाची किंमत वसूल करणारे काही तरी असलेच पाहिजे. कॅरीच्या अंगावर जाणाऱ्याला अडवणारा स्टन, त्याला ढकलून मागे फेकणारे कौशल्य, अथवा त्याच्या वाराचा वेग मंदावणारी वस्तू, यांपैकी काहीही चालेल. प्रतिस्पर्ध्याला एकदा कळले की याच्या बाजूने गेलो तर आपण अडकतो, म्हणजे तो आपोआप टँककडे वळतो किंवा लांबचा वळसा घेतो. लांबचा वळसा म्हणजे आपल्या कॅरीला मिळालेला वेळच होय.

दुसरे म्हणजे, टँकला पाठ फिरवता आली पाहिजे. आमच्याकडे असे होत असे की समोरचे दोघे मावसभावाला ओलांडून हीलरवर तुटून पडत, आणि मावसभाऊ मात्र पुढचाच माणूस मारत राही, कारण पुढे लढणे हे आपले काम आहे असे त्याने मनाशी ठरवलेले होते. अशा वेळी पुढचे सोडून मागे यावे आणि आपला स्टन हीलरच्या अंगावर आलेल्यावर खर्च करावा. हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो आणि तो सामन्यातच घ्यायला बसलो तर उशीर होतो, म्हणून लढाईपूर्वीच ठरवावे की या खेपेला आपण समोरच्याच्या कॅरीवर जाणार आहोत की आपल्या कॅरीला राखणार आहोत. समोर अचानक मागून उगवणारे मारेकरी असतील तर राखणे, आणि समोरचा कॅरी आडोशाविना उभा राहणारा असेल तर चढाई, असा आमचा ढोबळ ठोकताळा आहे. दोन्ही एकाच लढाईत करण्याचा मोह टाळावा. एकाच लक्ष्यावर सर्व अडवणूक एकदम ओतण्याचेही टाळावे. दोन टँक किंवा एक टँक व एक सपोर्ट (साहाय्यक खेळाडू) यांनी एकाच क्षणी स्टन मारले तर एक फुकट जातो, आणि वॉरक्राफ्टमध्ये तर एकाच खेळाडूला लागोपाठ दिलेल्या एकाच प्रकारच्या स्टनची मुदत दर खेपेला घटत जाते.

वॉरक्राफ्टचाच विषय निघाला आहे तर, वॉरसाँग गल्चसारख्या झेंडा पळवण्याच्या रणांगणात टँकने झेंडा वाहणे ही जुनी पद्धत आहे. तेथे दुर्लक्षाचा प्रश्नच उरत नाही, कारण ज्याच्या हाती झेंडा त्याच्यामागे सर्वांनाच धावावे लागते. ज्यांना पीव्हीपी टँकची नुकतीच ओळख होत आहे त्यांनी सुरुवात तेथून केली तर बरे, असे मला वाटते.

तिसरे लक्षण: सुरुवातीला टिकतो, पुढे वितळतो

यात बहुधा वस्तूंची निवड चुकलेली असते. नुसती हेल्थ वाढवत जाणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. लीग ऑफ लेजंड्सचे गणित स्वच्छ असल्यामुळे तेच उदाहरण घेतो. तेथे १०० आर्मर (शारीरिक वार रोखणारे चिलखत) असला की शारीरिक वाराचा निम्मा भाग अडतो, २०० असला की दोन-तृतीयांश आणि ३०० असला की तीन-चतुर्थांश. म्हणजे ४००० हेल्थ आणि शून्य आर्मर असलेल्या टँकला मारायला ४००० चा वार पुरतो, तर ३००० हेल्थ आणि १०० आर्मर असलेल्याला मारायला ६००० चा लागतो. पहिल्याची पट्टी दिसायला मोठी असते एवढेच. मात्र हा आर्मर जादूच्या वाराला मुळीच अडवत नाही, त्यासाठी मॅजिक रेझिस्ट वेगळा लागतो. म्हणून मरणानंतर दिसणारा तपशील उघडावा आणि आपल्याला अधिक वार शारीरिक बसले की जादूचे, हे पाहूनच पुढची वस्तू घ्यावी. दर सामन्यात त्याच क्रमाने त्याच वस्तू घेण्याची सवय मोडावी.

यापुढची पायरी म्हणजे टँकवर उतारा म्हणून घेतलेल्या गोष्टी ओळखणे. काही वार हेल्थच्या टक्केवारीवर चालतात. लीगमधील ब्लेड ऑफ द रुइन्ड किंग शिल्लक हेल्थच्या प्रमाणात मारते, आणि डोटामधील नेक्रोफॉसच्या नुसत्या सान्निध्यात एकूण हेल्थच्या प्रमाणात हेल्थ झिरपत जाते. अशांसमोर हेल्थचा ढीग करणे म्हणजे त्यांचेच काम सोपे करणे होय. तसेच उपचार रोखणाऱ्या वस्तूंकडेही लक्ष हवे. डोटामध्ये समोरच्याकडे स्पिरिट व्हेसल दिसले किंवा ओव्हरवॉचमध्ये समोर अ‍ॅना असली, तर "हीलर आहे ना मागे" या भरवशावर खोल जाऊ नये. अ‍ॅनाचा ग्रेनेड लागल्यावर काही क्षण उपचार पूर्णपणे थांबतात, आणि तेवढ्या काळात आडोशाला जाता आले नाही तर टँक संपतो. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. डोटामध्ये पाईप ऑफ इन्साइट किंवा क्रिमझन गार्ड यांसारख्या, सर्व संघाला संरक्षण देणाऱ्या वस्तू टँकने घ्याव्यात. दुसऱ्या लक्षणावर, म्हणजे मागचे सगळे मरण्यावर, त्यांचा थेट उपयोग होतो, आणि इतरांकडे त्यासाठी सोने क्वचितच असते.

हाकांचा गोंधळ

ही अडचण आपल्या सीमाभागाची खास आहे. आमच्या पाचांत तिघांची मातृभाषा मराठी आहे, वडगावचा एक जण घरी कन्नड बोलतो आणि निपाणीच्या मित्राच्या घरी दोन्ही भाषा चालतात. बोलताना कोणालाच अडत नाही, पण लढाईत तोंडातून जो शब्द आधी निघेल तो निघतो. कन्नडमध्ये 'मुंदे' म्हणजे पुढे आणि 'हिंदे' म्हणजे मागे. स्वस्तातल्या हेडफोनवर, मागे पंख्याचा आवाज आणि शेजारी माग चालू असताना, या दोन शब्दांतला पहिल्या अक्षराचा फरक ऐकूच येत नाही. "हिंदे, हिंदे" ही हाक मावसभावाने "मुंदे, मुंदे" अशी ऐकली आणि तो एकटाच चौघांत शिरला, असे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. त्यावर कोणाच्याही भाषेला हात न लावता आम्ही दोन वेगळ्या आवाजांचे शब्द ठरवले. पुढे जायचे असेल तर कन्नडमधला 'नडी' आणि मागे यायचे असेल तर मराठीतला 'थांब, फिर'. ठरवलेले शब्द कोणते आहेत याला महत्त्व नाही, ते ऐकायला एकमेकांसारखे नसावेत आणि पाचही जणांनी तेच वापरावेत, एवढे पुरे. त्याशिवाय आत शिरण्यापूर्वी टँकने "तीन, दोन, एक" असे मोजावे. मागच्यांना तेवढ्या वेळात जवळ सरकता येते.

नेटवर्कचा संशय

प्रत्येक पराभवाचे खापर पिंगवर (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवर) फोडू नये, पण टँकच्या बाबतीत तो तपासावा, कारण त्याचे सर्व काम क्षणावर अवलंबून असते. डोटा २ मध्ये सामना शोधण्यापूर्वी भारताचा सर्व्हर निवडलेला आहे काय ते पाहावे. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी आपल्या राऊटरलाच पिंग करावा. तेथेच आकडे वर-खाली होत असतील तर दोष घरातल्या वायफायचा आहे. खानापूरकडच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून ५ गीगाहर्ट्झचा संकेत पलीकडच्या खोलीत नीट पोहोचत नाही, म्हणून मावसभावाने सरळ केबल ओढून घेतली आणि त्याची उडी अडखळण्याचा एक भाग तेवढ्याने थांबला. पावसाळ्यात लाईट जाऊन राऊटर बंद पडत असेल, तर राऊटरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून त्याला जुळणारा छोटा यूपीएस लावावा.

एवढे सर्व करूनही अडचण राहिली, तर आमचा शेवटचा उपाय करून पाहावा. टँक खेळणाऱ्याने सलग पाच सामने हीलर घ्यावा आणि टँक दुसऱ्याला द्यावा. मावसभाऊ सुरुवातीला नाखूश होता. तिसऱ्या सामन्यात आमचा तात्पुरता टँक वळणापलीकडे दिसेनासा झाला, मावसभावाचे उपचार भिंतीवर आपटत राहिले आणि मागून आलेल्या दोघांनी त्याला घेरले. माईकवर त्याचा आवाज चढला, "अरे, कुठं गेलास रे, दिसेनास की!" सहाव्या सामन्यात त्याने पुन्हा अ‍ॅक्स घेतला. रोशनच्या गुहेजवळ या खेपेला तो उजेडात नव्हता, चढाच्या आड होता. उडी घेण्यापूर्वी त्याने प्रथमच विचारले, "कोण कुठं हाय, एकेकानं सांगा," आणि आम्ही चौघांनी सांगेपर्यंत तो थांबला.